अधांतरी पोलाद: चुंबकीय निलंबनाच्या अरेषीय नियंत्रणाची प्रस्तावना

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्याला आली. तिच्या मोटारींत चाके फिरवणारे चुंबकीय बल पोलादाला अधांतरीही धरू शकते. शांघायची मॅग्लेव्ह गाडी मार्गाला न टेकता, सुमारे १० मिलिमीटरची फट राखून, २००४पासून प्रवासी नेते आहे. लोकलच्या आवाजात वाढलेल्या कुर्ल्याच्या मुलामुलींना हा विषय परका वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सगळी गंमत बलाच्या नियमात आहे. लोखंड संपृक्त होत नाही तोवर विद्युतचुंबकाचा ओढा प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. चुंबकाखाली १० मिलिमीटरवर पोलादी गोळी तोलली आहे असे धरा. ती किंचित वर सरकली की ओढा वाढतो आणि गोळी चुंबकाला जाऊन चिकटते. किंचित खाली गेली की पडतेच. म्हणून सेन्सरने क्षणोक्षणी फट मोजायची आणि त्यानुसार प्रवाह बदलत राहायचा.

रूढ पद्धतीत तोलाच्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढतात आणि तिच्यावरच हिशेब चालवतात. एखाद्या मिलिमीटरच्या हालचालीपर्यंत ते चालून जाते. पण प्रवाह तोच ठेवून फट ५ मिलिमीटर करा: स्पर्शिका म्हणते ओढा दुप्पट, प्रत्यक्षात तो चौपट होतो. फट २० केली, तर स्पर्शिकेच्या हिशेबाने चुंबक गोळीला चक्क खाली ढकलतो! साध्या पोलादाला विद्युतचुंबक फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. हे आकडे वहीत स्वतः काढून पाहा. अरेषीय नियंत्रण का हवे, हे त्याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

मग वक्र जसा आहे तसाच स्वीकारायचा. फट मोजून, वर्गमूळ काढून, प्रवाह असा द्यायचा की वक्रता हिशेबातून कटून जावी. याला फीडबॅक लिनिअरायझेशन म्हणतात. मात्र गाडीत माणसे चढली की वजन बदलते, आणि कॉइल तापली की रोध वाढतो. अशा चुका पोटात घेणारे स्लायडिंग मोड नियंत्रण त्यासाठी शिकायचे.

ससेक्स विद्यापीठाचे प्रा. बी. व्ही. जयवंत यांचे विद्युतचुंबकीय निलंबनावरचे पुस्तक १९८१मध्ये आले. आडनाव मराठी कानाला ओळखीचे आहे, पण ते वाचायचे ते त्यातल्या कामासाठी. पूर्वतयारी म्हणून बारावीचे कलन पुरते. पहिल्या प्रकरणात आपण गोळी हाताने सरकवत कॉइलचे इंडक्टन्स मोजणार आहोत.