डीझेल मोटार, रॉकेल आणि घाट : शहापूर-मुरबाड भागातील एंजिन-बिघाडांचा एक विचार

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखान्याच्या दाराशी उभे राहून लिहिला जातो. कारखाना कोणी काढला, परवाना कोणत्या परदेशी कंपनीचा होता, पहिली गाडी कोणत्या साली बाहेर पडली, एवढे नोंदले म्हणजे इतिहासकाराचे काम संपले असे मानले जाते. ती गाडी पुढे कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत आणि कशामुळे बंद पडली, हा प्रश्न मेस्त्रीचा म्हणून सोडून दिला जातो. परंतु यंत्र बंद पडते तेव्हाच त्याच्याभोवतीचा समाज व अर्थव्यवहार उघडा पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात प्रवासी डीझेल मोटारीच्या एंजिनाचे व इंधनयंत्रणेचे बिघाड हा आहे. ज्या किंमत-धोरणामुळे डीझेल मोटार या भागातील सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, त्याच धोरणाने तिचा पंप निकामी केला, असे आमचे प्रतिपादन आहे.

हाच भाग निवडण्यास कारण आहे. शहापूर मुंबई-आग्रा मार्गावर, कसारा घाटाच्या पायथ्याकडे आहे. मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शहापूर तालुक्यात आसनगाव, खर्डी, कसारा अशी रेल्वेची स्थानके आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, तेथे सारी भिस्त रस्त्यावर. आश्चर्य असे, की हा दुर्गम समजला जाणारा टापू डीझेल तंत्राच्या केंद्रांनी जवळजवळ वेढलेला आहे. घाट चढून गेले की इगतपुरी लागते. तेथील महिंद्र कंपनीच्या कारखान्यात १९८० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डीझेल एंजिने बनू लागली. त्यापुढे नाशिक, तेथे मायको कंपनी नोझल व इंजेक्टर बनवीत असे. खाली कल्याणजवळ प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. म्हणजे एंजिन वर बनावे, नोझल त्याच्याही वर बनावे, गाडी खाली जुळवावी, आणि बंद पडावी ती या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर, असा हा भूगोल आहे.

रुडॉल्फ डीझेलचे एंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. ते मोटारीत बसण्यास जी चाळीस वर्षे लागली, ती प्रामुख्याने इंधन दाबाने व मोजून आत सोडणाऱ्या पंपाअभावी. बॉश कंपनीने १९२७ मध्ये असा पंप कारखान्यात घाऊक बनविण्यास प्रारंभ केला आणि १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची ‘२६० डी’ ही डीझेल मोटार विक्रीस आली. आपल्याकडे डीझेल खेड्यांत प्रथम आले ते मोटारीतून नव्हे. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली आणि पाण्याच्या व गिरणीच्या एंजिनांनी खेड्यांतील माणसांस डीझेलचा स्वभाव शिकविला. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीझ ट्रक आले. एस.टी. १९४८ साली सुरू झाली होतीच. तिच्या आगारांत, शहापूर व मुरबाडही त्यांत आली, डीझेल दुरुस्तीचे हात तयार झाले असावेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. प्रवासी मोटार या सर्वांनंतरची. तेलाच्या १९७३ व १९७९ च्या दोन दरवाढींनी पेट्रोल महागले आणि १९८० च्या सुमारास १४८९ घ. सें.मी. चे डीझेल एंजिन बसविलेली अँबॅसडर रस्त्यावर दिसू लागली. पुढे महिंद्रच्या डीझेल जीपगाड्या आल्या, आणि ‘काळी-पिवळी’ या नावाने त्या स्थानकापासून गावापर्यंतचा दुवा झाल्या.

येथे पंपाच्या रचनेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सर्व विवेचनाची कळ तीत आहे. ट्रकवर जो पंप असे, त्यात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र दट्ट्या असून ते एका ओळीत बसविलेले असत. दट्ट्याचा अंगचा भाग इंधनात फिरे, पण त्याला वर ढकलणारे कॅम, रोलर व बेअरिंगे यांना वंगणतेल मिळे. हा पंप जड, महाग व दणकट. लहान मोटारीत तो परवडेना. म्हणून वितरक जातीचा पंप आला. यात एकच फिरता भाग सर्व सिलिंडरांना पाळीपाळीने इंधन वाटतो. पंप हाताच्या दोन ओंजळींत मावेल एवढा होतो, किंमतही उतरते. परंतु त्याच्या पोटात वंगणतेल नसते. पाती, रोलर, फिरता दांडा हे सर्व डीझेलमध्येच बुडालेले असतात, आणि डीझेल हेच त्यांचे वंगण. फिरत्या व स्थिर भागांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांची असते. सारांश, ज्या पंपामुळे स्वस्त डीझेल मोटार शक्य झाली, तो इंधनाच्या शुद्धतेवर जगणारा होता.

आणि इंधन शुद्ध नव्हते. रॉकेल हे गरिबाच्या दिव्याचे व चुलीचे तेल म्हणून सरकार ते रेशनवर अल्प दरात देत आले. २००२ ते २०१० या काळात दिल्लीत रेशनचे रॉकेल लिटरला ९ रुपयांच्या आसपास स्थिर राहिले. तेथेच २००६ साली डीझेल ३० रुपयांच्या वर गेले होते. लिटरमागे वीस रुपयांची ही दरी ज्याला दिसली, त्याने ती भरून काढली नसती तरच नवल. रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालीत. तरीही राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ च्या पाहणीत रेशनच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक अन्यत्र वळते, असा अंदाज निघाला. हा व्यवहार किती घट्ट होता, ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनभेसळ पकडताना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. कसारा घाटाच्या वर, त्याच नाशिक जिल्ह्यात.

रॉकेल डीझेलपेक्षा पातळ असते व त्याचा वंगणगुण फार कमी. एंजिन त्यावर चालते. किंबहुना प्रारंभी काही फरकच जाणवत नाही, आणि हेच त्यातले कपट. ट्रकच्या पंपाने ते काही काळ सोसले. वितरक पंपाला ते सोसणे रचनेनेच अशक्य होते.

या झिजेचे लक्षण मोठे सूचक आहे. सकाळी गाडी पहिल्या फेरीला सुरू होते. दुपारी एंजिन व पंप तापले, गाडी घाटाच्या पायथ्याशी प्रवाशांसाठी थांबवून बंद केली, की पुन्हा सुरू होत नाही. तापलेले इंधन आणखी पातळ होते, झिजलेल्या फटीतून मागे गळते, आणि स्टार्टरच्या मंद गतीला नोझल उघडण्याइतका दाब साचत नाही. पंपावर ओले फडके टाकले किंवा पाणी ओतले की गाडी सुरू होते, हा चालकांचा जुना उपाय. पुष्कळदा दोष बॅटरीला अथवा स्टार्टरला दिला जाई आणि त्यांवर पैसा खर्च होई. वास्तविक हा उपाय पंपाचाच दोष सिद्ध करणारा प्रयोग आहे. मात्र तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी पडले तर तो जागीच जाम होण्याचा धोका असतो, हेही नमूद केले पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल, की बिघाडाचे खरे कारण भेसळ नसून अतिभार व निष्काळजीपणा आहे. काळी-पिवळीत परवान्याहून अधिक माणसे बसतात, तेल वेळेवर बदलले जात नाही, गाळणी फुटेपर्यंत वापरली जाते. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु दोहोंची लक्षणे वेगळी. अतिभाराने घाटात पाणी उकळते, हेड-गॅस्केट जाते, हेडला तडा जातो, क्लच जळतो. पंप व नोझल यांची झीज त्याने होत नाही. म्हणून ज्या गाडीचे एंजिन उघडल्यावर सिलिंडर ठीक आणि पंप मात्र खलास असे आढळते, तिच्या बाबतीत दोष चालकाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

दुसरा शत्रू पाणी. या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो चार महिन्यांत पडतो. दमट हवेने अर्धवट भरलेल्या टाकीत थेंब धरतात, ते तळाशी साचतात; पंपाच्या पोलादाला गंज चढतो, नोझलचे टोक बिघडते. गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावयाचे असते. नंतर हातपंपाने हवा काढावी लागते. ‘गाडीने एअर घेतली’ हा वाक्प्रचार त्या कामातून रूढ झाला. पाण्याचा भीषण प्रकार २६ जुलै २००५ रोजी घडला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे जिल्ह्यातील नद्याही पात्राबाहेर गेल्या. डीझेल एंजिनात हवा सुमारे एक-बावीसांश घनफळात दाबली जाते. हवेच्या जागी पेलाभर पाणी आत आले तर ते दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. पुरातून गाडी काढताना ती बंद पडली तर पुन्हा सुरू करू नये, हा धडा त्या वर्षी अनेकांनी एंजिनाच्या किमतीला घेतला.

कल्याणच्या कारखान्याची कथा येथे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. १९९४ च्या सुमारास प्रीमियर व प्यूजो यांच्या भागीदारीत तेथे ‘प्यूजो ३०९’ निघू लागली; तिचे १५२७ घ. सें.मी. चे डीझेल एंजिन त्या काळी उत्तम गणले गेले. कामगार-तंटा व भागीदारांतील बेबनाव यांत १९९७-९८ पर्यंत सर्व आटोपले. गाड्या उरल्या, सुटे भाग देणारा उरला नाही. कारखाना उशाशी असूनही त्याचा उपयोग शून्य, हा अनुभव मुरबाड रस्त्याने जवळून घेतला. ३० डिसेंबर १९९८ रोजी पुण्याची टाटा इंडिका आली. तिचे १४०५ घ. सें.मी. चे एंजिन व सुटे भाग कोठेही मिळण्याची सोय यांमुळे डीझेल मोटार प्रथमच गावोगावच्या घरांत शिरली. तिच्यात झडपा हलविणारी साखळी जाऊन दात्यांचा रबरी पट्टा आला होता. साखळी सैल झाली की आवाज करून सांगते. पट्टा काही न सांगता तुटतो, आणि झडपा दट्ट्यावर आदळून वाकतात.

यानंतरचा फेरबदल अधिक मूलगामी होता. २००२ साली ह्युंदाई ॲक्सेंटमधून आणि पुढील दशकात बहुतेक गाड्यांतून ‘कॉमन रेल’ पद्धती आली. जुन्या नोझलला सव्वाशे-दीडशे बारचा दाब पुरे. नव्या पद्धतीत तो सोळाशे बारच्या घरात गेला व इंजेक्टरचे उघडणे-मिटणे संगणकाच्या स्वाधीन झाले. दाब वाढला तशी रॉकेलची व पाण्याची सहनशीलता आणखी घटली. नेमक्या याच काळात मोहही शिगेस पोचला : मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ तर डीझेल ४०.९१ रुपये होते, आणि ग्राहक डीझेलकडे लोटले. पंप जाम झाल्यास त्यातून सुटलेला धातूचा चुरा सर्व इंजेक्टरांत जाऊन पोचतो व संपूर्ण यंत्रणा बदलावी लागते. स्पॅनर व अनुभव यांवर चालणारी दुरुस्ती शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावरून उठून कल्याण-ठाण्याच्या स्कॅनर असलेल्या दुकानांकडे गेली, आणि तिच्याबरोबर बंद गाडी ओढून नेण्याचा खर्चही मालकाच्या अंगावर आला.

वंगणगुणाचा प्रश्न केवळ भेसळीचा नाही, हेही विसरता कामा नये. डीझेलमधील गंधक काढताना वंगण देणारी काही द्रव्येही निघून जातात. १९९० नंतर स्वीडनमध्ये अत्यल्प गंधकाचे डीझेल आले तेव्हा तेथे शुद्ध इंधनावरही असे वितरक पंप निकामी झाले, आणि इंधनात वंगणद्रव्य मिसळण्याची रीत पडली. आपल्याकडे २०१० साली दशलक्षांत ५० भाग गंधकाचे डीझेल प्रथम १३ शहरांत आले. त्या यादीत मुंबई, पुणे, सोलापूर होती, शहापूर किंवा मुरबाड ही नावे नव्हती. ते देशभर १ एप्रिल २०१७ रोजी आणि १० भागांचे १ एप्रिल २०२० रोजी पोचले. स्वीडनसारखा अनुभव आपल्याकडे टळला, कारण वंगणगुणाची अट तोवर प्रमाणांत आली होती. रेशनवरचे रॉकेल मात्र प्रमाणांच्या कक्षेबाहेरून टाकीत येत राहिले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डीझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. २०१६ पासून रॉकेलची किंमत क्रमाक्रमाने वाढवीत त्यावरील सवलत पुढील काही वर्षांत संपविण्यात आली. दरी बुजली, तसे भेसळीचे प्रयोजनही उरले नाही. पाड्यांवरील ज्या चिमण्यांसाठी ते तेल म्हणून दिले जात होते, त्यांच्या वाट्याचे किती लिटर एवढ्या वर्षांत जीपगाड्यांच्या टाकीत जळाले, याचा हिशेब रेशन दुकानांच्या वह्यांत सापडावयाचा नाही. तो झिजलेल्या पंपांत होता, आणि ते पंप भंगारात गेले. २०२० नंतरच्या गाड्यांत आता धुराडीतील काजळीची जाळी तुंबण्याची नवी तक्रार ऐकू येते. ती जाळी तापून आपोआप साफ होण्यास लांबचा, वेगाचा प्रवास लागतो, आणि गावातून स्थानकापर्यंतच्या रोजच्या आठ-दहा किलोमीटरांत तो घडत नाही.