काडतुसांच्या पेटीचे कुलूप

काडतुसांच्या पेटीकडून माणसाने दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या. रणांगणावर ती चटकन उघडली पाहिजे आणि घरात ती चटकन उघडता कामा नये. लष्करी इतिहासाच्या ग्रंथांत तोफा-बंदुकांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. पेटीच्या वाट्याला फार तर एखादी तळटीप येते. मी एका कारखान्याच्या भांडारात २६ वर्षे नोकरी केली. माल कशात ठेवला, कोणी उघडला, किल्ली कोणाकडे, हेच तिथले रोजचे प्रश्न. त्या सवयीमुळे असेल, पण वाचताना बंदुकीपेक्षा पेटीकडेच माझे लक्ष जाऊ लागले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

दारूगोळ्याची साठवण म्हणजे पूर्वी इमारत. सिंहगडावर पुणे दरवाज्याने शिरले की उजव्या हाताला दगडी दारूकोठार दिसते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली आणि गडावरचे फडणिसांचे घर माणसांसकट उद्ध्वस्त झाले, अशी नोंद आहे. सुटी दारू एका जागी असली की एक ठिणगी पुरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी अशी तिन्ही पितळी नळीत बंद झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे याच स्थित्यंतराच्या काळातला. आता दारू शिपायाबरोबर चालू लागली आणि कोठाराची जागा पेटीने घेतली.

या पेटीवर इतिहासकारांचा सर्वांत मोठा वाद झाला तो दक्षिण आफ्रिकेतल्या एका लढाईवरून. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे सुमारे वीस हजार झुलू योद्ध्यांनी ब्रिटिश तळ बुडवला. ब्रिटिशांच्या बाजूची तेराशेच्या आसपास माणसे एका दिवसात मेली. मार्टिनी-हेन्री ही त्या काळची उत्तम रायफल जवळ असताना हे घडले कसे? एक उत्तर पेटीकडे बोट दाखवणारे होते. त्या पेट्या जाड लाकडाच्या, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेल्या. आत कथलाचे अस्तर आणि दहा-दहाची पुडकी करून सहाशे काडतुसे. मध्यभागी सरकते झाकण आणि ते धरून ठेवणारा एकच पितळी स्क्रू. पेचकस हाताशी नव्हते, पेट्या उघडल्या नाहीत आणि गोळ्यांवाचून फौज कापली गेली, अशी ही कथा.

तिला आधार मिळाला तो स्मिथ-डोरियन यांच्या आठवणींचा. हे तेव्हाचे तरुण लेफ्टनंट, पुढे जनरल झाले; इसांडलवान्यातून जिवंत सुटलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी एक. १९२५मध्ये आलेल्या आत्मचरित्रात ते सांगतात, की आपण पेट्या फोडत असताना क्वार्टरमास्टर ब्लूमफील्ड यांनी अडवले. ही काडतुसे आमच्या पलटणीची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. माल समोर, गरज समोर, पण नोंद दुसऱ्याच्या नावावर! भांडारात काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही. डोनाल्ड मॉरिस यांच्या १९६५च्या ग्रंथाने ही उपपत्ती लोकप्रिय केली आणि १९७९च्या ‘झुलू डॉन’ चित्रपटाने ती घरोघर पोचवली.

पण ती तपासून पाहिली की टिकत नाही. झाकण सरकते असल्यामुळे स्क्रू काढत बसायची गरजच नव्हती. बंदुकीच्या दस्त्याचा एक जोरकस ठोसा पुरे. रणभूमीवर असे वाकलेले स्क्रू सापडले आहेत. प्रत्येक शिपायाजवळ सत्तर काडतुसे होती, तीही लगेच संपणारी नव्हती. काडतुसांची खरी चणचण भासली ती उजव्या टोकाला लढणाऱ्या कर्नल डर्नफर्ड यांच्या घोडेस्वारांना. तळावर आपल्या गाड्या कुठे उभ्या आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हते. मुख्य कारण होते ते तोकड्या फौजेची लांबच लांब पसरलेली फळी आणि झुलू सेनेची दोन्ही बगलांनी वेढा घालणारी व्यूहरचना. तरीही पेटीची कथा मरत नाही. झुलूंनी आपल्याला हरवले यापेक्षा स्क्रूने हरवले हे मान्य करणे साम्राज्याला सोपे गेले असावे, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मशिनगन आली आणि काडतुसांचे पट्टे करावे लागले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर दमट हवा, पाऊस आणि समुद्राचे पाणी यांच्याशी गाठ पडली. अमेरिकी सैन्याने लाकूड मागे टाकून पोलादी पत्र्याची पेटी मोठ्या प्रमाणावर वापरली. तिचे सुधारलेले रूप म्हणजे ‘एम-२-ए-१’. आतून साधारण ११ इंच लांब, साडेपाच इंच रुंद, सात इंच उंच. अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या शंभर काडतुसांचा पट्टा तीत मावतो. तिची अरुंद बहीण ‘एम-१९-ए-१’. झाकणाच्या आत रबरी पॅकिंग आणि पुढे तरफेसारखा खटका. खटका दाबला की पॅकिंग आवळले जाते आणि दमट हवा बाहेर राहते. उचलला की एका हाताने पेटी उघडते. इसांडलवान्याच्या कथेला जणू पोलादात दिलेले उत्तर!

या पेटीला कुलूप नाही. पेटी भरल्यावर खटक्यातून तार ओवून तिला सील लावतात. सील चोराला अडवत नाही. पेटीला हात लागला की नाही, एवढे ते सांगते. आपल्या लाखेच्या मोहोरेचे काम तेच. सैन्याला तेवढे पुरते, कारण पेटीभोवती पहारा असतो.

घराभोवती पहारा नसतो. अमेरिकेत सैन्याने वापरून काढलेल्या या पेट्या जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत सर्रास मिळतात. आपल्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी लष्करी पत्र्याची पेटी दिसली, तर ती हत्यारे ठेवायला नेली जाते. तिकडे शिकारी आणि नेमबाज काडतुसांसाठीच घेतात. जाणकार ग्राहक आधी पॅकिंग चाचपतो; ते मऊ हवे, तडकलेले नको. मग काठाला पोचा आहे का, तळाला गंज आहे का, खटका घट्ट बसतो का, हे पाहतो. सुटी दारू मात्र अशा घट्ट पेटीत भरू नये. नळीबाहेरचे सुटे काडतूस आगीत फुटले तरी गोळी फारशी वेगाने जात नाही. बंद पेटीतली सुटी दारू मात्र पेटीचाच बॉम्ब करते.

यानंतर कुलपाचा प्रश्न येतो. खटक्याला भोक पाडून बोल्ट अडकवायचा, किंवा तयार पट्टी बसवून तीत कुलूप घालायचे. भोक पॅकिंगच्या बाहेरच्या अंगाला हवे, नाहीतर कुलूप येते आणि ओल आत शिरते. खटका बंद असेपर्यंत झाकण बिजागरीतून सरकत नाही, म्हणून एक कुलूप पुरते. अर्थात पेटीच उचलून नेणाऱ्याला ते अडवणार नाही. ते अडवते घरातल्या हाताला.

आणि तोच हात महत्त्वाचा आहे. २००५मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसे कुलपात आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळ्या जागी, या चार सवयी त्यांनी तपासल्या. यांपैकी प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्येचा आणि अपघाती गोळी लागण्याचा धोका कमी आढळला. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना मारले. त्यानंतर काही दिवसांतच झालेल्या राष्ट्रीय करारात काडतुसे बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवण्याची अट घातली गेली.

अमेरिकेत वारे उलटे वाहिले. घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी, हा राजधानी वॉशिंग्टनचा १९७५चा नियम सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. चोर दारात असताना कुलूप कोण काढत बसणार, हा त्यामागचा युक्तिवाद. मला यात इसांडलवान्याच्या स्क्रूची कथा पुन्हा ऐकू येते. उघडायला झालेला उशीर सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. न उघडल्यामुळे जे मूल वाचले, त्याची बातमी होत नाही. ते दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जाते.

म्हणून पेटी विकत घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ती ज्यांनी घडवली त्यांना ती उघडायची होती. ती बंद ठेवण्याचे काम कारखान्याने केलेले नाही. ते घरच्या कर्त्या माणसावर सोडले आहे. कुलूप दोन-चार डॉलरचे असते. किल्ली कुठे ठेवायची, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.