न्हाणीघरातली चूल आणि धुराडे (हुबळी-धारवाड)

घरापासून सुटे, परसात बांधलेले न्हाणीघर आणि त्यात आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी मांडलेली लाकडाची चूल. कानडीत न्हाणीघराला ‘बच्चल मने’, चुलीला ‘ओले’ आणि पाण्याच्या भांड्याला ‘हंडे’ म्हणतात. मराठी घरांत न्हाणी, हंडा, बंब हे शब्द चालतात. 2016 पासून उज्ज्वला योजनेने खेड्यांतला बराच स्वयंपाक गॅसवर गेला, पण हंडाभर पाण्यासाठी सिलिंडर जाळणे परवडत नाही, म्हणून न्हाणीतली चूल राहिली. गच्चीवर सौरबंब असला तरी जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. धारवाड समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच आहे आणि पावसाळ्यातल्या पहाटे इथले पाणी चांगलेच गार असते.

चूल घराबाहेर नेली ती धूर आणि आग घरात येऊ नये म्हणून. मात्र धूर घराबाहेर गेला एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होते आणि धुराड्याचा खर्च टळतो. हा हिशेब चुकीचा आहे. पहाटे उठून फुंकणी मारणारी बाई त्याच छपराखाली बसलेली असते आणि आंघोळ करणारा दार लावूनच आत असतो. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून न्हाणीघर बांधताना आधी धुराड्याची जागा ठरवावी आणि त्याखाली चूल मांडावी.

जागा ठरवताना वारा पाहावा लागतो. पावसाळाभर इथे पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो. चुलीचे तोंड आणि न्हाणीचे दार दोन्ही पश्चिमेला ठेवले तर ज्वाळा आणि धूर आतल्या माणसावर उलटतात. सरपणाची रास, कडब्याची गंजी, गोठ्याचे गवती छप्पर धुराड्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला येऊ नये. लोखंडी बंब किंवा पत्र्याची चूल लाकडी खांबापासून, फळ्यांच्या भिंतीपासून 90 सेंटिमीटर दूर असावी. एवढी जागा नसेल तर भिंतीपुढे पत्रा उभा करावा, पण तो भिंतीला चिकटवू नये. मागे अडीच सेंटिमीटरची पोकळी आणि खाली-वर मोकळीक ठेवली तर हवा खेळती राहते व भिंत तापत नाही. जमिनीवर शहाबादी फरशी असल्यास चुलीखाली विटांचा थर द्यावा. थेट आगीखाली ती फरशी तडकते.

मातीच्या बाबतीत या जुळ्या शहरांचा प्रदेश विलक्षण आहे. धारवाडच्या पश्चिमेला लाल माती, तर हुबळीपासून नवलगुंदकडे काळी रेगड. रेगड ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर खोल पाया न घेता उभारलेले विटांचे धुराडे एका पावसाळ्यात कलते, सांधे उघडतात आणि तिथून ठिणगी थेट वाशाला लागू शकते. रेगडीची चूलही तडकते. चुलीला लाल माती, भुसा आणि शेण यांचा गारा चांगला. अग्निकोठीच्या आतल्या बाजूला सिमेंट वापरू नये, ते सततच्या तापाने भुसभुशीत होते. विटा मातीतच बसवाव्यात.

धुराडे ओढ धरते ते आतली हवा तापून हलकी झाल्यामुळे. जितकी उंची अधिक आणि बाहेरच्या व आतल्या हवेच्या तापमानात जितका फरक मोठा, तितकी ओढ जोरकस. घरगुती चुलीला 10 सेंटिमीटर व्यासाची नळी पुरते, मोठ्या बंबाला 15 लागते. कोणत्याही ठिकाणी ती चुलीच्या धूरद्वारापेक्षा अरुंद नको. नळी शक्यतो सरळ वर जावी. आडवा तुकडा टाळता येत नसेल तर मीटरमागे दोन सेंटिमीटर चढ द्यावा, काटकोनी वळणे दोनांपेक्षा जास्त घेऊ नयेत. नळ्या जोडताना वरच्या नळीचे निमुळते टोक खालच्या नळीच्या आत जाईल असे पाहावे, म्हणजे काजळीचे काळे पाणी सांध्यातून भिंतीवर ओघळत नाही. छपरातून बाहेर पडल्यावर नळी किमान 90 सेंटिमीटर वर असावी आणि तीन मीटरांच्या आत असलेल्या आढ्यापेक्षा वा भिंतीपेक्षा 60 सेंटिमीटर उंच. टोकावर पावसाची टोपी हवी.

नळी भिंतीच्या भोकातून बाहेर काढून वळचणीखालीच सोडून द्यायची, ही या भागात दिसणारी सर्वांत वाईट पद्धत. पश्चिमेचा वारा तो धूर परत आत ढकलतो आणि ठिणग्या कौलांखालच्या रिपांत शिरतात.

मंगळुरी कौलांचे छप्पर असेल तर नळीभोवतीची कौले काढून तिथे मधोमध भोक असलेला पत्रा बसवावा. वासा आणि रीप नळीपासून 45 सेंटिमीटर दूर राहतील असे कापून आडवा आधार द्यावा. हे काम सुताराचे आहे. गवती छपरातून नळी काढूच नये. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा किंवा नळी स्वस्त मिळते आणि जुन्या सरकारी चुलींना ती लावलीही जात असे. पण कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे आणि आगीत तो पत्रा फुटून तुकडे उडतात. जस्ताचा मुलामा दिलेली नळी चुलीला लागून लावू नये, लालबुंद तापल्यास जस्ताचा विषारी धूर निघतो. पहिला मीटरभर तरी जाड काळ्या लोखंडाचा असावा.

चुलीवरचे संशोधन आपल्याकडे जुने आहे. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल 1947 मधली, तर हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धूररहित स्वयंपाकघरावर लिहिलेले पुस्तक 1953 मधले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तिथे 1980 च्या दशकाच्या आरंभी तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ तयार झाली. बंद अग्निकोठी, खाली जाळी, हवेचे मोजके छिद्र आणि शेवटी धुराडे, अशी तिची रचना. त्याच तत्त्वावरच्या न्हाणीच्या चुलीही शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या गावांत बसवल्या गेल्या. 1983 मध्ये सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 2002 मध्ये थांबला. चुली लाखोंनी बसल्या, पण धुराडी झाडायची कोणी, हे बहुतेक ठिकाणी ठरलेच नव्हते.

बंद चुलीने जळण किती वाचते ते हिशेबाने कळते. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला जी उष्णता लागते ती पाव किलो कोरड्या लाकडात असते. उघड्या चुलीत उष्णतेचा जेमतेम आठवा हिस्सा हंड्यापर्यंत पोचतो, म्हणून तिथे दोन किलो लाकूड जळते. बांधणी नीट असलेल्या, धुराड्याच्या चुलीत एक किलोच्या आत भागते.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीत गॅस गिझरने माणसे दगावतात ती याच वायूने. म्हणून चुलीच्या हवेसाठी भिंतीच्या तळाशी, बुजवता येणार नाही अशी जाळी ठेवावी आणि वर आढ्याजवळ गवाक्ष. निखारे जिवंत असताना धुराड्याची झडप पूर्ण मिटू नये. आंघोळीला बसताना चूल विझलेली असली तरी दाराला आतून कडी घालण्यापेक्षा पडदा बरा. डोके दुखू लागले, मळमळले, पाय लटपटले तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

जळण बाभळीचे, चिंचेचे, निलगिरीचे, कशाचेही चालेल, पण ते वाळलेले हवे. ओल्या लाकडाने धूर गार राहतो आणि नळीच्या आत डांबरासारखी चिकट काजळी धरते. एक दिवस तीच पेटते आणि नळी भट्टीसारखी घोंगावते. पऱ्हाट्या, कणसांची बुरकुंडे, नारळाच्या करवंट्या भडकन पेटतात, त्या थोड्याथोड्या घालाव्यात. प्लास्टिक आणि रंगवलेली फळकुटे चुलीत नकोत. सरपणाची बेगमी मृगाआधी छपराखाली गेली पाहिजे.

धुराडे वर्षातून दोनदा झाडावे : एकदा पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या आधी. लांब काठीला काथ्याची गुंडी किंवा तारेचा ब्रश बांधून ते वरून खाली साफ होते. तळाशी काजळी काढायला झाकणाचे भोक ठेवले नसेल तर गवंड्याकडून ते आधी करून घ्यावे. राखेत निखारा दिवसभराहून अधिक काळ जिवंत राहतो. ती पत्र्याच्या झाकणबंद डब्यात गार झाल्यावरच उकिरड्यावर टाकावी. धुराड्यात काजळी पेटल्यास चुलीचे तोंड आणि हवेची छिद्रे ताबडतोब बंद करावीत, नळीत वरून पाणी ओतू नये आणि 101 क्रमांकावर अग्निशामक दलाला बोलवावे.