शरदापासून शिशिरापर्यंत : जबलपूरच्या मराठी घरबागेचा इतिहास

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मराठी माणूस सहसा माणसाच्या चंचलपणाविषयी वापरतो. मुळात मात्र ती बागेकडे पाहणाऱ्या डोळ्यांची नोंद आहे. भाद्रपदात गौरींच्या पूजेला लागणारा तेरडा पाऊस ओसरताच विटू लागतो आणि अंगणाचा एक रंग संपून दुसऱ्याची चाहूल लागते. नागपूरकडील परंपरा जपणारी जबलपूरची मराठी घरे गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. महालक्ष्म्या उठल्या की तेरड्याचे वाफे उपटून जमीन भुसभुशीत करण्याचा क्रम तेथे पिढ्यान्पिढ्या चालत आला. तेथून रथसप्तमीपर्यंत बागेत जी रंगांची अदलाबदल होते, तिच्यात या शहराचा दोन शतकांचा इतिहास मिसळलेला आहे.

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, नर्मदेच्या खोऱ्यात वसले आहे. एकीकडे मदनमहालचे ग्रॅनाइटचे गोलाकार खडक, दुसरीकडे भेडाघाटचे संगमरवर आणि भोवती खोऱ्यातील काळी, चिकट जमीन असा हा भूभाग आहे. येथील शेतकऱ्याने या जमिनीसाठी ‘हवेली’ नावाची पद्धत रूढ केली. शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचे आणि शरदाच्या आरंभी ते सोडून देऊन ओलाव्यावर गव्हाची पेरणी करायची. घरबागेचे वेळापत्रकही या शेतीला समांतर चालले. आश्विनात माती वाफशावर आली की रोपे लावायची आणि पौषात त्यांच्या फुलांचा बहर पाहायचा. शिशिरात येथील रात्री बऱ्याच थंड असतात, दुपारी मात्र ऊन लख्ख पडते. समुद्रकाठच्या मराठी मुलुखाला न लाभणारा हा योग हंगामी फुलझाडांना फार मानवतो.

या भूमीशी मराठ्यांचा संबंध प्रथम सत्तेचा होता. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात गेले, १७९८ मध्ये नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना मिळाले आणि १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर जबलपुरावर इंग्रजांचा अंमल बसला. सत्ता गेली तरी माणसे राहिली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर नागपूर आणि जबलपूर एकाच प्रशासनाखाली आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या दोन बाजूंचे लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले. कारकुनी, वकिली, अध्यापन, रेल्वे आणि पुढे १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली.

येताना त्यांनी जी बाग मनात आणली ती परसातली होती. तिच्या केंद्रस्थानी तुळशीवृंदावन असे आणि भोवती प्राजक्त, जास्वंद, तगर, कण्हेर, शेवंती. या बागेतले रंग पंचांगाने वाटून दिलेले असत. आश्विनाच्या पहाटे केशरी देठांच्या पांढऱ्या प्राजक्ताचा सडा, दसऱ्याला झेंडूची तोरणे, दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणि आवळा, मार्गशीर्षात शेवंतीच्या वेण्या. फूल उमलले की ते देवाला किंवा केसांत जायचे. झाडावर ठेवून नुसते पाहत राहण्याची रीत या बागेला फारशी ठाऊक नव्हती.

बंगल्याच्या दर्शनी भागातली बाग निराळ्या संस्कृतीतून आली. १८२० मध्ये कलकत्त्यात विल्यम केरी यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली होती, तर उत्तरेत सहारनपूरच्या उद्यानातून रोपे आणि बियाणे वाटली जात. छावणी आणि सिव्हिल लाइन्समधील गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदुस्थानच्या हिवाळ्यात मायदेशीचा उन्हाळा उभा करायचा होता. इंग्लंडमध्ये जूनमध्ये फुलणारी फुले त्याने येथे जानेवारीत फुलवली. पेटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, हॉलिहॉक, नॅस्टर्शियम यांचे वाफे पोर्चसमोर आखले गेले. यांतील पुष्कळशी झाडे मुळात इंग्रजी नव्हतीच. पेटुनिया आणि नॅस्टर्शियम दक्षिण अमेरिकेतील, डेलिया मेक्सिकोची, तर बागेतला फ्लॉक्स १८३५ मध्ये टेक्सासहून इंग्लंडला पाठवलेल्या बियांपासून पसरला. साम्राज्याने जगभरातून गोळा केलेले रंग जबलपूरच्या काळ्या मातीत ‘विलायती’ या एकाच नावाने रुजले.

नेपियर टाऊन, राइट टाऊन यांसारख्या वसाहतींत स्थिरावलेल्या मध्यमवर्गाने या दोन्ही बागा एकाच कुंपणात आणल्या. समोर विलायती वाफे, मागे तुळस आणि प्राजक्त. या मांडणीत पुढच्या बागेचे ‘सार्वजनिक’ आणि मागच्या बागेचे ‘घरगुती’ असणे स्पष्ट दिसते. पुढची बाग पुरुषाच्या हुद्द्याशी जोडलेली होती, मागची स्त्रीच्या व्रतवैकल्यांशी. पण ही विभागणी फार काळ टिकली नाही. झेंडू स्वतः अमेरिकेतून आलेला असूनही दसऱ्याचा अविभाज्य भाग होऊन बसला होता. गुलबाक्षीही तिकडचीच. चीनमध्ये वाढवलेली शेवंती मराठी केसांत इतकी रुळली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. जे देवाला चालले ते आपले झाले, असा या स्वीकाराचा नियम दिसतो. फ्लॉक्स आणि पेटुनिया देवघरापर्यंत पोहोचले नाहीत आणि म्हणून त्यांना मराठी नावेही मिळाली नाहीत.

या रंगांमागचा निसर्गनियम विसाव्या शतकात उलगडला. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की अनेक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. शेवंती आणि पॉइनसेटिया या लांब रात्रीच्या वनस्पती होत. पॉइनसेटियाचा लाल भाग पाकळ्यांचा नसून पानांचाच असतो आणि अखंड काळोखाच्या रात्री पुरेशा लाभल्या तरच तो रंगतो. व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळत राहिला तर त्या बाजूची फांदी हिरवीच राहते. देशी बदामाची पाने शिशिरात तांबडी होतात, त्याचे कारण निराळे : पान गळण्यापूर्वी त्यातील हरितद्रव्य मोडत जाते आणि तांबडे रंगद्रव्य साठू लागते. युरोपातल्यासारखा रानच्या रान पेटवणारा शरद जबलपुरात नाही. येथला शरद निवळलेल्या आकाशाचा आणि पांढऱ्या फुलांचा असतो. पानगळ शिशिराच्या अखेरीस येते आणि तिच्या पाठोपाठ कुसुमाची तांबूस पालवी व पळसाचा बहर. ‘ऑटम’ या शब्दासाठी ‘शरद’ योजणाऱ्या भाषांतरकाराची येथेच फसगत होते. ऋतूचे नाव जुळते, रंग जुळत नाही.

१९५६ हे वर्ष या बागेच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला महिन्यांच्या नावांनी निसर्ग पाहण्याची दृष्टी मिळाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला. उच्च न्यायालय जबलपुरात आले, पण जुन्या मध्य प्रदेशाच्या कारभारात हिंदीच्या बरोबरीने असलेली मराठी येथे केवळ घरापुरती उरली. शाळा, कचेरी, बाजार हिंदीचे झाले. अशा वेळी भाषा कोठे टिकते? ती अशाच लहानसहान जागी टिकते. बाजारातला गेंदा फाटकाच्या आत झेंडू होतो, गुलदाउदीची शेवंती, हरसिंगाराचा प्राजक्त, गुड़हलचे जास्वंद, चांदनीची तगर. ज्या नातवाला मराठी वाचता येत नाही, त्यालाही आजीने पूजेसाठी मागितलेले फूल नेमके आणता येते. त्याच्या मराठीचा शब्दसंग्रह आटला तरी त्यातील अखेरचे शब्द बहुधा फुलांचे, पदार्थांचे आणि नात्यांचे असतात.

या इतिहासात एक उणीव राहते. बाग मालकाच्या नावाने ओळखली जाते, पण शरदात वाफे बांधणारे, रोपे विरळणारे, कडाक्याच्या थंडीत पहाटे पाणी देणारे हात बहुधा काछी समाजातील माळ्यांचे होते. बियाण्याच्या पाकिटावरील इंग्रजी नाव त्यांनी आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले. कोणते रोप कोठे जगेल हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असे. मराठी गृहस्थाची हौस आणि बुंदेली माळ्याचे ज्ञान यांच्या संवादातून ही बाग घडली. तो संवाद हिंदीत झाला. मराठी बागेचा अर्धा इतिहास मराठीत नाही, हे मान्य केल्यावाचून तो पुरता सांगता येत नाही.

१९६४ मध्ये जबलपुरात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि शेती-बागायतीच्या ज्ञानाला शास्त्रीय अधिष्ठान लाभले. पण त्याच सुमारास जन्मलेल्या पिढीच्या डोळ्यांदेखत अंगणे आकसत गेली. २२ मे १९९७ च्या भूकंपाने शहरातील अनेक जुन्या घरांना तडे दिले. वाटण्या झाल्या, मुले पुण्याला, नागपूरला, परदेशी गेली आणि पुष्कळ आवारांत सदनिका उभ्या राहिल्या. पुढची बाग मोटारींसाठी गेली, मागची गच्चीवरच्या कुंड्यांत चढली. कुंडीत शेवंती फुलते, तुळसही जगते. प्राजक्ताला मात्र जमीन लागते, आणि सडा पडायला अंगण.

तरीही कार्तिकात गच्चीवर तुळशीचे लग्न लागते. चार कुंड्यांतील शेवंती तेवढ्यापुरती वाफ्याची जागा घेते आणि खालच्या रस्त्यावरून विकत आणलेला गेंदा जिना चढता चढता झेंडू होतो. रंग तीन दिवसांचाच असतो, हे म्हणीने आधीच सांगून ठेवले आहे. दरवर्षी त्याची वाट पाहणारे घर असेल, तोवर त्याचे नावही राहील.