नव्या नर्सवर कुणी खेकसलं, तर तिने काय बोलायचं?

पेण आणि रोहा, रायगडमधल्या या दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालय आहे. पेणमधून मुंबई-गोवा महामार्ग जातो, रोह्याला लागून धाटावची एमआयडीसी आहे. अपघाताचा पेशंट कधीही येऊ शकतो. सोबत दहा-पंधरा माणसं असतात. 'पुढे अलिबागला न्यावं लागेल' म्हटलं की कुणाचा तरी आवाज चढतो. समोर बहुतेक वेळा नर्सच असते, कदाचित नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली.

मारहाण झाली तर कायदा आहे. महाराष्ट्राने तो २०१० मध्येच केला. त्यात नर्सेसही येतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनीसुद्धा. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. लैंगिक छळासाठी २०१३ चा पॉश कायदा आहे, तक्रारीची मुदत ३ महिने.

पण डॉक्टर फोनवर खेकसले तर? इनचार्ज सिस्टरने पेशंटसमोर पाणउतारा केला तर? हे या दोन्ही कायद्यांत बसत नाही, आणि रोजचा त्रास तर हाच! तो पेशंटपर्यंतही पोहोचतो. एकदा बोलणी खाल्लेली नर्स डोसबद्दल शंका आली तरी पुन्हा फोन लावायला कचरते. अमेरिकेत हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता.

मग तयारी कशी करायची? २००४ मध्ये बोस्टनच्या मार्था ग्रिफिन यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी २६ नव्या नर्सेसना तयार वाक्यांची छोटी कार्डं दिली आणि ती वाक्यं बोलण्याचा सराव करून घेतला. कारण अपमान झाला की ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

आपल्याकडे ही वाक्यं अशी असू शकतात:

डॉक्टरांना: 'सर, मी डोस परत वाचून दाखवते. बरोबर आहे का, तेवढं सांगा.'

सीनियरला: 'सिस्टर, माझं चुकलं असेल तर आत जाऊन सांगाल का? पेशंट ऐकतायत.'

नातेवाइकांना: 'दादा, तुमच्या आईचं बीपी बघतेय. दोन मिनिटांत तुमच्याशीच बोलते.'

समोरचा अंगावर आला, तर मात्र वाक्यं विसरायची. दाराकडे सरकायचं, सिक्युरिटीला हाक मारायची. ड्युटी संपण्याआधी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं, हे लिहून मेट्रनकडे द्यायचं आणि त्याची पोच घ्यायची.