माकडतापाची गोचीड

गोचिडीबद्दल पुष्कळ जणी विचारत असतात. ती उडते का? झाडावरून टपकन अंगावर पडते का? गुरांची असते, मग माणसाला का चावते?

उडत नाही आणि उडीही मारत नाही. गवताच्या पात्यावर नाहीतर पाचोळ्यावर पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा तिला पत्ता लागतो, आणि कपडा घासला की ती चिकटते. किडा म्हणतो आपण तिला, पण मोठ्या गोचिडीला पाय आठ. ती कोळ्या-विंचवाच्या गोतावळ्यातली.

गोचिडीमुळे गुरांना ताप येतो, असं अमेरिकेतले गुरं पाळणारे लोक फार पूर्वीपासून म्हणत. शिकलेली मंडळी हसायची. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी ते सिद्ध केलं, तेव्हा हसणं थांबलं.

आपल्याकडची गोष्ट १९५७ ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. जवळच्या गावांत माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. डॉ. टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तिथं पोचले ते धास्तावूनच. माकडं मरतात आणि माणसंही आजारी पडतात, म्हणजे हा पीतज्वर तर नाही? तो डासांमार्फत पसरतो, आणि तसले डास आपल्याकडे घरोघरी! सुदैवानं तो पीतज्वर नव्हता. विषाणू सापडला तो रशियाच्या जंगलांत गोचिडींमुळे होणाऱ्या आजाराच्या नात्यातला निघाला. मग शोध गोचिडीकडे वळला, आणि रानातल्या एका बारीक जातीत तोच विषाणू मिळाला. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर नाव पडलं. गावोगावी मात्र त्याला माकडताप म्हणतात, जणू दोष माकडाचाच. बिचारं माकड तर आपल्याआधी मरतं.

ही गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, दर वेळी नव्या प्राण्याचं. मोठी झाली की बहुधा गुरांवर बसते, आणि मग पाचोळ्यात अंडी घालते. म्हणून गुरं जिथं चरायला जातात त्या रानात गोचिडी वाढतात. पिल्लं उंदीर, पक्षी, माकडं यांच्यावर पोसतात. माणसाला चावते ती मधल्या वयाची, सहज नजरेत न येणारी. तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, नेमका आपण सरपणाला, पाचोळा गोळा करायला रानात जातो तेव्हाचा. माकड मेलं, अंग थंड पडलं, की गोचिडी त्याला सोडून खाली उतरतात. ती जागा सर्वांत धोक्याची.

बरीच वर्षं हा ताप शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांतच होता. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीला दिसला आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. दिवस काजूचे. काजूच्या झाडाखाली वाकून बोंडं वेचायची तर पाचोळ्यात हात घालावाच लागतो. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. हंगाम बुडाला तर वर्षभर काय खायचं?

त्यापेक्षा अंगभर कपडे घाला, आरोग्य खात्याचं तेल मिळालं तर हातापायांना लावा, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करा. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, नखानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर ‘मी रानात गेले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा आजारी बाईचं ताट-वाटी वेगळं काढायचं काही कारण नाही.