सन 1900, जुलै, आयोवा

सकाळी मोबाइल लॉकरमध्ये जातो आणि तुझं साल बदलतं. अंगात पायघोळ सुती झगा, वर ॲप्रन, डोक्याला बॉनेट. तू एम्सच्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत शेतकी शिकतेस आणि सुट्टीत इंटर्नशिपला अर्बनडेलच्या ‘लिव्हिंग हिस्ट्री फार्म्स’मध्ये आली आहेस. तुझ्याच विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी 1970 मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय. इथे काचेची कपाटं कमी, नांगरट जास्त. कुणाच्या वाट्याला 1850 ची बैलांची शेती येते. तुझ्या वाट्याला आलीय 1900 ची, घोड्यांची.

आधी चूल पेटव. ओतीव लोखंडाचं धूड आहे ते. दाणे काढलेली मक्याची कणसं आत टाकलीस की भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. धग टिकवायला लाकूडच हवं. भट्टीला तापमानाचा काटा नाही. हात आत घालायचा आणि किती आकडे मोजेपर्यंत सोसवतं ते बघायचं. चटकन ओढावा लागला तर पाव करपणार. बाहेर ऊन रणरणतंय, पाठीवरून घामाची धार लागलीय, आणि बारा वाजता शेतावरची माणसं जेवायला येणार. मॅकिन्ली अध्यक्ष आहेत, नोव्हेंबरात निवडणूक आहे. तुला मत नाही. देशभरातल्या बायकांना ते मिळायला अजून 20 वर्षं आहेत.

खिडकीतून मका दिसतो. पेरताना शेतभर तार ताणायची. तारेवर ठरावीक अंतराने गाठी. गाठ आली की यंत्रातून दाणे पडतात. म्हणून कोळपं उभंही चालतं, आडवंही. अरे, ही तर आपली चौफुली! तुझ्या आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

दुपारी एक बाई विचारतात, “तेव्हा इथे तुझ्यासारखे लोक होते का गं?” विचारण्यात खोच नसते, निव्वळ कुतूहल. या घरात तुझ्यासारखी कुणी असणं अवघडच होतं. म्हणून तू त्यांना त्याच वर्षीचं दुसरं टोक, तुझ्या मुलखाचं, सांगायला घेतेस. नगर, सोलापूर, खानदेशात दुष्काळ पडला होता, माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. त्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाची आगबोट वर्गणीतून जमवलेला सुमारे 2 लाख बुशेल मका घेऊन मुंबईला निघाली. म्हणजे पाच हजार टन. त्यात आयोवाचा किती, हे तू सांगत नाहीस. ठाऊक नसलेलं ठोकून देणं या नोकरीत बसत नाही. पण मका आणि सन, दोन्ही हेच.

बाई गप्प होतात. त्यांचा नवरा मघापासून चुलीकडे टक लावून बघत असतो. तो पुढे वाकतो.

“एक विचारू? ही आग खरी आहे?”

“हात घालून बघा,” असं जिभेवर आलेलं गिळून तू म्हणतेस, “हो, खरी आहे. जरा मागे सरा.”